'आर्ट पॉपची वैशिष्ट्ये': ही यादी कुणाची?



तुमच्यापैकी अनेक जण सध्या सिनॉप्सिसच्या गडबडीत असाल. विषय साहित्याचा असो, सिनेमाचा असो की संगीताचा, एक वाक्य जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये येतंच: 'या प्रकाराची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत.' ग्रामीण कादंबरीची वैशिष्ट्ये, समांतर सिनेमाची वैशिष्ट्ये. माझ्या पहिल्या मसुद्यात आर्ट पॉपची वैशिष्ट्ये होती. एकूण आठ. गाईड मॅडमनी मसुदा वाचला, यादीच्या बाजूला पेन्सिलीनं उभी रेघ मारली आणि विचारलं, "ही यादी कुणाची?" मला वाटलं, संदर्भ द्यायचा राहिलाय म्हणून विचारतायत. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक मुद्द्याला संदर्भ लावून घेऊन गेलो. मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

त्या प्रश्नापायी माझं एक अख्खं प्रकरण बाद झालं. वाईट वाटलं, पण आज सांगतो, ते बाद व्हायलाच हवं होतं. का, ते या पोस्टमध्ये एका अल्बमच्या आधारानं सांगतो. अल्बम आहे केट बुशचा 'हाउंड्स ऑफ लव्ह', साल १९८५. आर्ट पॉपची कुठलीही यादी उघडा, हा अल्बम त्यात सापडतोच. म्हणून मुद्दाम तोच घेतलाय.

आधी ती यादी

माझे आठ मुद्दे असे होते: प्रयोगशील ध्वनी, स्टुडिओचा वाद्यासारखा वापर, चित्रकला, साहित्य, नाटक यांचे संदर्भ, एका संकल्पनेवर बेतलेला अल्बम, गाण्याच्या नेहमीच्या साच्याची मोडतोड, मुखपृष्ठ आणि व्हिडिओकडेही कलाकृती म्हणून पाहणं, उपरोध, आणि गायकाचं किंवा गायिकेचं स्वतःचं नियंत्रण. आठवा मुद्दा मी अगदी शेवटी, सात हा आकडा बरा दिसत नाही म्हणून घातला होता. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यादीतली गोम बघा. हे आठ मुद्दे मी काढले कुठून? ज्या अल्बमना समीक्षक आधीच आर्ट पॉप म्हणत होते, ते ऐकून आणि त्यांच्यावरचं लेखन वाचून. आणि मग याच मुद्द्यांनी मी काय सिद्ध करणार होतो? तर ते अल्बम आर्ट पॉप आहेत हे. म्हणजे आपणच पेरायचं, आपणच उपटायचं आणि वर पीक आलं म्हणून सांगायचं. संशोधनपद्धतीच्या तासाला ज्याला वर्तुळाकार युक्तिवाद म्हणतात, तो हाच. परीक्षेत आपण त्याची व्याख्या बिनचूक लिहितो आणि स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये तोच करून ठेवतो.

आता अल्बम ऐकू या

थोडी पार्श्वभूमी. केट बुशचा जन्म १९५८ चा. १९७८ साली, एकोणीस वर्षांची असताना, 'वदरिंग हाइट्स' हे तिचं पहिलंच सिंगल ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतः लिहिलेल्या गाण्यानं तिथं पहिलं स्थान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९८२ मध्ये 'द ड्रीमिंग' आला. निर्मिती पूर्णपणे तिची एकटीची असलेला तो पहिला अल्बम. अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, पण त्यातली नंतरची सिंगल्स पडली. 'द ड्रीमिंग' हे शीर्षकगीत ४८ व्या क्रमांकावर अडकलं. त्यानंतर तिनं घरच्या शेतावरच्या जागेत स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि तिथं हा अल्बम घडवला. सप्टेंबर १९८५ मध्ये तो आला आणि मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर गेला.

अल्बमच्या दोन बाजू अगदी वेगळ्या आहेत. पहिल्या बाजूला पाच सुटी गाणी. चारही सिंगल्स तिथलीच. दुसऱ्या बाजूला 'द नाइन्थ वेव्ह' नावाची सात गाण्यांची मालिका: रात्री समुद्रात एकटीच तरंगणारी एक बाई, अंगात जीवरक्षक जॅकेट, डोळ्यांवर झोप, मनात भास, आणि शेवटी पहाट. नाव टेनिसनच्या कवितेतून घेतलेलं.

या अल्बमवरचं लेखन वाचलंत तर एक मांडणी वारंवार भेटेल. पहिली बाजू म्हणजे पॉप, दुसरी बाजू म्हणजे आर्ट, दोन्हींची बेरीज म्हणजे आर्ट पॉप. आकर्षक आहे, सोपी आहे, तबकडीच्या दोन बाजूंवर नेमकी बसते. मीही तीच लिहिली होती. माझं आजचं म्हणणं असं की ही मांडणी चुकीची आहे आणि ती कानांनीच चुकीची ठरवता येते.

शीर्षकगीत घ्या, 'हाउंड्स ऑफ लव्ह'. पहिल्या बाजूवरचं, सिंगल म्हणून निघालेलं. सुरुवातीला एका जुन्या भयपटातलं वाक्य, मग ढोलांचा दणका, त्यावर चेलोचे तुटक फटकारे. यात बेस गिटार नाही. १९८५ सालच्या पॉप गाण्यात बेस काढून टाकणं म्हणजे घराचा पाया न घालता भिंती उभ्या करणं. गाण्याचा विषय प्रेमात पडण्याची भीती हा आहे, आणि पायाखाली जमीन नसल्याची जाणीव ऐकणाऱ्याला विषय कळायच्या आधीच होते. तरीही गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपतं, त्याला धृपद आहे, ते गुणगुणता येतं. हा प्रयोग पहिल्या बाजूवरचा आहे.

'मदर स्टँड्स फॉर कम्फर्ट' ऐका. आईच्या मायेबद्दलच्या गाण्यात मध्येच काच फुटल्याचा आवाज ताल म्हणून येतो, खाली एबरहार्ड वेबर या जर्मन जॅझ वादकाचा सरकता बेस. हेही पहिल्याच बाजूवर. 'क्लाउडबस्टिंग'मध्ये तंतुवाद्यांचा एकसारखा ठेका गाण्याला पुढे ढकलत नेतो आणि शेवटी वाफेच्या इंजिनाच्या आवाजात गाणं मिसळतं. विषय काय, तर विल्हेल्म राइश हा वादग्रस्त मनोविश्लेषक आणि त्याच्या मुलानं त्याच्याबद्दल लिहिलेलं पुस्तक. हेही सिंगल होतं बरं का.

आता दुसऱ्या बाजूवर या. 'वेकिंग द विच'मध्ये गायिकेच्या आवाजाचे तुकडे केलेत, चेटकिणीचा खटला चाललाय, वर हेलिकॉप्टरची घरघर. माझ्या आठ मुद्द्यांच्या यादीत हे गाणं पैकीच्या पैकी गुण घेतं. पण खरं सांगू? आज ऐकताना मला ते सगळ्यात जास्त 'करून दाखवलेलं' वाटतं. तंत्र विषयाच्या पुढे धावतं. उलट त्याच मालिकेतलं 'हॅलो अर्थ' बघा. गाणं जवळजवळ थांबतं आणि पुरुषांचं समूहगायन सुरू होतं, जॉर्जियातल्या एका लोकगीतावरून घेतलेलं. तिथं काही सिद्ध करण्याची घाई नाही. गायिका गप्प बसते, बस्स. त्या गप्प बसण्यात समुद्राचा जो पसारा जाणवतो तो 'वेकिंग द विच'च्या गोंगाटात जाणवत नाही.

म्हणजे प्रयोग दोन्ही बाजूंना आहेत, आणि सगळ्यात धाडसी प्रयोग बहुधा 'पॉप' बाजूला आहे. दोन्ही बाजूंना निर्माती तीच, स्टुडिओ मुख्यतः तोच, आणि मुख्य यंत्रही तेच: फेअरलाइट सीएमआय. हे ऑस्ट्रेलियात तयार झालेलं, १९७९ साली बाजारात आलेलं यंत्र. बाहेरचा कुठलाही आवाज त्यात साठवायचा आणि पेटीच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या सुरांत वाजवायचा. आज फोनवर होणारी ही गोष्ट तेव्हा अतिशय महाग होती. 'रनिंग अप दॅट हिल'ची सुरुवातीची ती ओळखीची धून त्यातूनच निघालेली आहे.

मग 'आर्ट' कुठल्या बाजूला, हा प्रश्नच फोल ठरतो. तो फोल ठरला की यादीही डगमगते.

यादीला एक उलटं उदाहरण लावून बघा

संशोधनात एक सवय लावून घ्या. तुमच्या व्याख्येत बसणारी दहा उदाहरणं सापडली म्हणून खूश होऊ नका. व्याख्येत बसतं पण कुणी त्याला त्या नावानं ओळखत नाही, असं एक उदाहरण शोधा. ते एकच बाकीच्या दहांपेक्षा जास्त शिकवतं.

माझं उदाहरण: फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं 'रिलॅक्स'. १९८३ च्या शेवटी आलं, १९८४ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. निर्माता ट्रेव्हर हॉर्न. यंत्रांमध्ये फेअरलाइट होतंच. स्टुडिओचा वाद्यासारखा वापर तर इतका की बँडमधल्या बहुतेकांचं वादन अंतिम गाण्यात जवळपास नाहीच. ज्या कंपनीनं ते काढलं तिचं नाव झँग टुम टुम, म्हणजे इटालियन भविष्यवादी कवी मारिनेत्तीच्या कृतीवरून घेतलेलं. कंपनीच्या संस्थापकांत पॉल मॉर्ली हा संगीतसमीक्षक. उपरोध, मुखपृष्ठं, घोषवाक्यांचे टीशर्ट, सगळं जाणीवपूर्वक रचलेलं. माझ्या आठपैकी निदान पाच-सहा मुद्दे इथं आरामात बसतात. तरी 'रिलॅक्स'ची पहिली ओळख आर्ट पॉप अशी कुणी करून देत नाही. ते डान्स गाणं, बंदी आलेलं गाणं, ऐंशीच्या दशकाची आठवण.

का? यंत्र तेच, दशक तेच, कलेचे संदर्भ उलट जास्तच उघड. फरक एकाच मुद्द्यात आहे, आणि तो म्हणजे मी जागा भरायला घातलेला आठवा मुद्दा. 'रिलॅक्स' कुणाचं, या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. गाणारा एक, घडवणारा दुसरा, गाजवणारा तिसरा. 'हाउंड्स ऑफ लव्ह' कुणाचा, या प्रश्नाला एकच नाव आहे. शब्द तिचे, चाली तिच्या, निर्मिती तिची, स्टुडिओ तिचा.

तेव्हा माझा दावा असा: आर्ट पॉप हे नाव आपल्याला आवाजाबद्दल सांगतंय असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते काम कसं झालं याबद्दल सांगत असतं. वेळ कुणाच्या हातात होता, जागा कुणाची होती, शेवटचा शब्द कुणाचा होता. हे तिन्ही एका कलाकाराकडे आहेत असं ऐकणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला वाटलं, आणि तरीही गाणं पॉपच्या बाजारातच उभं राहिलं, की त्याला आर्ट पॉप म्हणायची शक्यता वाढते.

आर्ट स्कूलचं काय?

इथं वाचनातला एखादा विद्यार्थी हात वर करेल. सायमन फ्रिथ आणि हॉवर्ड हॉर्न यांचं 'आर्ट इनटू पॉप' हे १९८७ चं पुस्तक या विषयात वाचावंच लागतं. त्यांचा मुद्दा असा की ब्रिटनमधली आर्ट स्कूल्स हीच पॉपमधल्या या प्रवाहाची नर्सरी. पुरावा भक्कम आहे. जॉन लेनन लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात होता, पीट टाउनशेंड ईलिंगला, ब्रायन इनो इप्सविच आणि विंचेस्टरला. ब्रायन फेरीला न्यूकॅसलमध्ये रिचर्ड हॅमिल्टननं शिकवलं, आणि पुढे बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बमचं मुखपृष्ठ याच हॅमिल्टननं केलं.

पण केट बुश आर्ट स्कूलला गेलेली नाही. मग ती या कथेत बसते कशी? तिच्या बाबतीत घडलं ते असं. शाळकरी वयात पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरनं तिची गाणी ऐकली, ध्वनिमुद्रणाला मदत केली, आणि त्यातून ईएमआय कंपनीनं तिला करारबद्ध केलं. पण लगेच अल्बम काढला नाही. मधल्या काळात तिनं लिंडसे केम्पकडे नृत्य आणि मूकाभिनयाचे धडे घेतले. हाच केम्प डेव्हिड बोवीचाही गुरू. म्हणजे आर्ट स्कूलनं इतरांना जे दिलं, ताबडतोब काही विकायची सक्ती नसलेली एक-दोन वर्षं, ते तिला कंपनीच्या पैशातून मिळालं.

फ्रिथ आणि हॉर्न यांचं म्हणणं यानं खोटं पडत नाही. ते थोडं पुढे सरकतं. महत्त्वाची ती संस्था नसून ती फुरसत आहे, असं म्हणायची वाट मोकळी होते. साहित्याचा आढावा लिहिताना एवढंच करायचं असतं. मोठ्या अभ्यासकाला पाडायचं नसतं आणि त्याच्या पायाही पडायचं नसतं. त्याचं विधान कुठवर पोचतं ते दाखवायचं आणि तिथून आपलं पाऊल टाकायचं.

पण नियंत्रण दिसतं कुणाचं?

आता खरी अडचण. नियंत्रण हाच कळीचा मुद्दा असेल, तर ते कुणाकडे आहे हे ठरवतं कोण? लिहिणारे. आणि लिहिणाऱ्यांना सगळ्यांचं नियंत्रण सारखं दिसत नाही.

आइसलंडच्या बियर्कनं २०१५ मध्ये एका मुलाखतीत हे मोकळेपणानं सांगितलं. 'व्हेस्पर्टाइन' या २००१ च्या अल्बमचे बारीक, नाजूक ताल तिनं स्वतः दीर्घकाळ बसून तयार केले होते. मॅटमॉस ही जोडी अगदी शेवटी आली. तरी छापून येताना श्रेय जायचं मॅटमॉसला, आणि खुद्द मॅटमॉसनं खुलासे करूनही ते थांबेना. त्यानंतर बायकांनी स्टुडिओत काम करतानाचे फोटो काढून घ्यावेत असंही तिनं सुचवलं. लोकांना डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही म्हणून.

विचार करा, हे बियर्कच्या बाबतीत होतं. जिचं नाव आर्ट पॉपच्या प्रत्येक यादीत वरच्या पाचांत असतं तिच्या बाबतीत. म्हणजे लेबल मिळूनही ज्या कारणासाठी लेबल मिळतं ते कारणच नाकारलं जाऊ शकतं. मग ज्यांना लेबल मिळालंच नाही, अशा किती जणींचं काम 'निर्मात्यानं घडवलेली पॉप गायिका' या कप्प्यात पडून असेल? माझं प्रकरण इथंच कोसळलं. मी समीक्षकांच्या याद्यांमधून पन्नास अल्बम निवडले होते आणि त्यांचं विश्लेषण करून आर्ट पॉपचं स्वरूप सांगणार होतो. प्रत्यक्षात मी समीक्षकांच्या नजरेचं मोजमाप करून त्याला संगीताचं स्वरूप म्हणणार होतो. नमुना निवडतानाच निष्कर्ष ठरून गेला होता. चूक आकडेमोडीत नव्हती, त्यामुळे ती आकडेमोड तपासून सापडलीही नसती.

नियंत्रणालाही काठ असतो, हेही विसरू नका. 'रनिंग अप दॅट हिल'चं बुशनं ठरवलेलं नाव वेगळं होतं, 'अ डील विथ गॉड'. देवाचं नाव शीर्षकात असेल तर धार्मिक देशांत रेडिओवर गाणं वाजणार नाही, अशी कंपनीला धास्ती. आधीची सिंगल्स पडलेली, म्हणून तिनं ऐकलं, आणि तिचं नाव कंसात गेलं. निर्माती ती, स्टुडिओ तिचा, पण स्वतःच्या गाण्याच्या नावावर तडजोड. 'संपूर्ण स्वातंत्र्य' असा शब्द तुमच्या प्रबंधात आला की तिथं थांबा आणि असा एखादा कंस सापडतो का ते शोधा.

हे फक्त तिकडचं आहे का?

नाही. आपल्याकडे 'सुगम संगीत' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो निसर्गानंच दिलाय असं वाटावं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांना त्यांचा विरोध जगजाहीर होता. आकाशवाणीवरून ती गाणी हटली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि पर्याय म्हणून आकाशवाणीनं स्वतःची हलकी, शब्दप्रधान गाणी तयार करणारे विभाग उभे केले. 'सुगम' म्हणजे काय हे सुरांवरून जितकं ठरलं, तितकंच 'फिल्मी नाही' या प्रशासकीय गरजेवरून ठरलं. दोन्ही उदाहरणं एकच आहेत असं मी म्हणत नाही. तिथं बाजार आणि समीक्षक, इथं सरकारी खातं. पण प्रश्न तोच लागू पडतो: ही यादी कुणाची?

मग जॉनर हा शब्द टाकूनच द्यायचा?

असं करू नका. पुष्कळ जण या टप्प्यावर येऊन 'सगळी लेबलं खोटी' असं लिहून मोकळे होतात. ते वाचायला धाडसी वाटतं, पण त्यातून पुढे काही करता येत नाही. इटालियन अभ्यासक फ्रँको फाब्री यांनी १९८० च्या दशकात जॉनरची जी मांडणी केली ती इथं कामाला येते. त्यांच्या मते जॉनर म्हणजे समाजानं मान्य केलेल्या नियमांनी चालणाऱ्या सांगीतिक घटनांचा संच. यातला 'समाजानं मान्य केलेल्या' हा तुकडा अधोरेखित करा. नियम सुरांचे असतात, तसे वागण्याचे, अर्थ लावण्याचे आणि पैशाचेही असतात. असे नियम खोटे नसतात. रहदारीचे नियम माणसांनीच केलेत म्हणून सिग्नल तोडता येत नाही.

आणि शेवटी कान लागतोच. स्वतःचा स्टुडिओ असलेला प्रत्येक श्रीमंत गायक आर्ट पॉप करत नाही. मिळालेल्या मोकळिकीचं काय केलं, हे ऐकूनच ठरवावं लागतं. 'हाउंड्स ऑफ लव्ह' मला मोठा वाटतो तो दुसऱ्या बाजूच्या महत्त्वाकांक्षेमुळे नाही. सगळी सत्ता हातात आल्यावरही बुशनं पॉपच्या अटी झिडकारल्या नाहीत, म्हणून तो मोठा वाटतो. गाणं लक्षात राहिलं पाहिजे, ठेका धरता आला पाहिजे, अनोळखी माणसाला पहिल्याच ऐकण्यात काहीतरी मिळालं पाहिजे. या अटी पाळूनच तिनं गाण्यातून बेस काढला.

याचा पुरावा सदतीस वर्षांनी मिळाला. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये 'रनिंग अप दॅट हिल' वाजलं आणि जूनमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्यावर थांबलं होतं. हे गाणं डोक्यावर घेणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी आर्ट पॉप हा शब्द ऐकलेलाही नसेल. त्यांना यादीची गरज पडली नाही. आणि गंमत बघा, तिथंही एक नियम आडवा होता. ब्रिटनच्या अधिकृत यादीत जुन्या गाण्यांच्या स्ट्रीमचं वजन कमी धरतात. या गाण्याला त्यातून सूट मिळाली आणि मगच ते वर गेलं. लोकप्रियतेच्या आकड्यामागेही कुणीतरी ठरवलेलं एक कलम असतं. आकडा उचलण्याआधी ते कलम वाचा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'या प्रकाराची वैशिष्ट्ये' असा परिच्छेद तुमच्याही मसुद्यात असेल तर तो फाडू नका. तो बाजूला ठेवा आणि त्याच्या शेजारी या चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

एक, हे नाव या कृतींना कुणी आणि केव्हा दिलं? कृती घडताना, की नंतर?

दोन, हे नाव दिल्यानं त्या कृती कशापासून वेगळ्या काढल्या गेल्या? आर्ट पॉप म्हणताना 'नुसतं पॉप' कुणाला म्हटलं जातंय?

तीन, सगळी वैशिष्ट्यं असूनही यादीबाहेर राहिलेलं एक तरी उदाहरण कोणतं? ते नसेल सापडत तर अजून वाचन झालेलं नाही असं समजा.

चार, कृतीतच काय सापडतं? तबकडीवरची श्रेयनामावली वाचा, स्टुडिओ कुणाचा होता ते बघा, आणि मग डोळे मिटून ऐका. या क्रमानं किंवा उलट क्रमानं, पण दोन्ही करा.

माझ्या नव्या मसुद्यात यादी आहे. आठही मुद्दे आहेत. फक्त प्रकरणाचं नाव बदललंय. आधी होतं 'आर्ट पॉपची वैशिष्ट्ये'. आता आहे 'आर्ट पॉपची वैशिष्ट्ये कोण सांगतं?' मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही. "आता काम सुरू झालं," एवढंच म्हणाल्या.

तुमचा विषय संगीत नसला तरी आज रात्री दिवे घालवून 'हॅलो अर्थ' एकदा ऐका. नंतर तुमच्या यादीकडे वळा.